मधल्या पातीवरचा निकाल

टीव्हीवरच्या बाईला निंदता येत नाही. इतक्या वर्षांत खुरपं धरता येणारी एकसुद्धा मी पाहिली नाही. मागे एका रविवारी दुपारी टेलिफिल्म लागली होती, कष्टकरी बाईची म्हणे. ती उभ्याने कमरेत वाकून मातीत खुरपं टोचत होती, कानातलं पडलेलं शोधावं तशी. पदर जागचा हलला नाही. शेतात गवताची एक काडी नव्हती, तर ती काय निंदत होती ते तिलाच ठाऊक. नवरा इस्त्रीचा सदरा घालून औत हाकत होता आणि बैल त्याचं ऐकत नव्हते. शेवटी बाई मरते आणि सगळा गाव रडतो. मी निकाल दिला की मेली ते बरं झालं, तिच्या हातून त्या शेतात दाणा पिकला नसता.

असे निकाल मी चौदा-पंधरा वर्षं दिले. कागदावर नाही, रानात, उकिडवं बसून.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमचं गाव गोरेगावजवळ. गावात पहिला टीव्ही आला तो समाजमंदिरात, कुलपाच्या लाकडी पेटीत, आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याच्या मर्जीवर. पुढे माझ्या पोराने घरात आणला. तोवर मालक वारले होते. सून आली तशी संध्याकाळी मला चुलीपाशी काम राहिलं नाही, म्हणून सात ते नऊ मी टीव्हीपुढे बसायचे. आमच्या निंदणीच्या टोळीतल्या बाकीच्या बायांना ती वेळ मिळायची नाही. भाकरी थापायची वेळ तीच, नळाला पाणी यायची वेळ तीच. त्या म्हणायच्या, तुमी बघा अन् उद्या सांगा.

निंदणीची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दहा-बारा बाया शेताच्या एका टोकाला ओळीने बसतात. प्रत्येकीच्या पुढे तिचा पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. सगळ्या पाती बरोबरीने पुढे सरकल्या पाहिजेत. एक मागे राहिली की ओळ तुटते, आणि ओळ तुटली की पुढच्या बाया मागे वळून बोलत बसतात आणि मागच्या रागाने गवत तसंच सोडतात. म्हणून मधली पात नेहमी हात चालणाऱ्या बाईला देतात. ती ओढते, बाकीच्या तिच्याबरोबर येतात. माझा हात साठीनंतर मंद झाला होता. तरी मधली पात माझीच होती, कारण तिथून आवाज दोन्ही टोकांना जातो. मी काल काय झालं ते सांगत पुढे सरकायचे आणि ऐकायला मिळावं म्हणून सगळ्या माझ्या बरोबरीने सरकायच्या. आमची मुकादमीण गुत्त्याने, म्हणजे अख्ख्या वावराचं मोल ठरवून, कामं घ्यायची. वावर लवकर उरकलं की तिचा फायदा, म्हणून तिला हे पसंत होतं.

माझा नियम असा होता की आधी जसं पाहिलं तसं सांगायचं, मग निकाल. लाइट गेली आणि पाहिलं नाही, तर सकाळीच सांगून टाकायचं की काल पाहिलं नाही, आज आपापल्या तोंडाने करमणूक करा.

निकाल बहुतेक वाईटच असायचे. देवीची एक मालिका होती, तिच्यात ढग म्हणून धूर सोडायचे आणि देवी बोलायला लागली की तिला ठसका यायचा, तो त्यांनी कापलासुद्धा नव्हता. गाण्याच्या स्पर्धेत पोरगं गायच्या आधीच परीक्षक रडायला तयार बसलेले. त्यांच्या डोळ्याला पाणी येतं ते कांद्याचं की पगाराचं, मला कळलं नाही. कोर्टाची एक मालिका होती, तिच्यात सकाळी तक्रार आणि संध्याकाळी न्याय. मी म्हटलं, हिंगोलीच्या कोर्टाच्या पायरीवर बसून बघा म्हणावं, तारीख म्हणजे काय ते. पोलिसांच्या मालिकेत पोलीस वेळेवर येतात, म्हणून ती मी बघायची सोडली. बाप्ये लुगडी नेसून हसवतात तो कार्यक्रम बायांना आवडायचा. मला नाही आवडला. लुगडं नेसलं म्हणजे आपोआप हसण्यासारखं झालं, असं धरून चाललेलं असतं.

आणि मोठ्या घरांच्या मालिका. सासू झोपताना पैठणीत, उठतानाही पैठणीत. घरात सात माणसं आणि घास एकाच्याही तोंडात जात नाही, ताट वाढलं की भांडण. नवऱ्याने थापड मारली की तीच थापड तीन बाजूंनी तीनदा दाखवतात आणि वीज चमकते. आमच्या गल्लीत तीन थापडा बसल्या तरी कोणी एकदाही पाहिलेलं नसतं.

माझ्या उजव्या हाताच्या पातीवर खाला बसायची. मुसलमानाची, माझ्याच वयाची. नवरा होता तोवर गोरेगावच्या आणि जवळा बाजारच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायची, त्याच्या मागे आमच्या टोळीत आली. तिचा नातू घरी असला तर तीही मालिका पाहायची, पण तिचं सगळं लक्ष हातांवर. मी कथा सांगत असले की मध्येच म्हणायची, "काल ती बया रडून राहिली तवा हातात सोन्याच्या होत्या, आन दारातून भाईर आली तर काचाच्या. दारात कोन बसलं होतं, बांगड्या भरायला मनियार?" तिची चूक कधी निघाली नाही. मी कथेवर बोलायचे आणि ती बांगड्यांवर.

डाव्या हाताच्या पातीवर माझ्या टोळीतल्या शेवटच्या वर्षी एक पोरगी येऊन बसायला लागली. टोळीतल्याच एका बाईची लेक. दिली होती कळमनुरीच्या पलीकडे. जेठात वर्षभराचं लेकरू काखेत घेऊन एकटीच जीपमधून उतरली आणि आईच्या घरी राहिली. घर भावाचं. आई खुरपायला यायची ती ओळीच्या अगदी शेवटच्या पातीवर बसायची, लेक माझ्या शेजारी. मायलेकी शेतात एकमेकींशी फारसं बोलत नसत. पोरीचा हात झपाट्याचा होता. बाही वर सरकली की दंडावर काळंनिळं दिसायचं आणि ती बाही खाली ओढायची. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. नवरा दोनदा न्यायला येऊन गेला होता, एकदा काकाला घेऊन, एकदा लेकराला कपडे घेऊन. भावजय रोज एकच विचारायची की नागपंचमीच्या आधी जाणार की नंतर. पोरीने दोन्ही वेळा नवऱ्याला सांगितलं, इचार करून सांगते. तो म्हणाला, बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, पुन्हा येतो, तेव्हा काय ते सांग, मग येणार नाही. पुढचा बेस्तरवार म्हणजे दहा-बारा दिवस होते.

आता आमच्यात कोणाच्या तोंडावर कोणी बोलत नाही की तू जा किंवा तू राहा. पुढे वाईट झालं तर बोलणाऱ्याच्या माथी येतं. पण त्या वर्षी साडेसातला जी मालिका लागायची तिच्यातली सून नेमकी नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. शिकलेली, शाळेत शिकवणारी, पण मार तोच. मग काय, ओळीला बरं झालं. पोरीबद्दल जे बोलायचं होतं ते सगळं मालिकेतल्या सुनेबद्दल बोलायला लागल्या.

एकजण म्हणायची, "जावं तिनं. मायेरची भाकर किती दिस गोड लागल?"

दुसरी म्हणायची, "जाऊन काय, दुसरा गाल उरला तो देऊन यायचा?"

खाला म्हणाली, "तिच्या मनगटात काच ठरत न्हाई, पाह्यलं का तुमी? दर महिन्याला नवा भरावा लागते. ज्या घरात बांगडी ठरत न्हाई तिथं बाई काय ठरते."

पोरगी खाली मान घालून खुरपत असायची, पण त्या वेळी तिचं खुरपं हळू चालायचं. आई शेवटच्या पातीवरून ऐकत असायची. सगळ्यांना ठाऊक होतं की बोलणं कोणाचं चाललंय. मलाही. मला निकाल विचारला की मी म्हणायचे, अजून संपलं न्हाई, संपल्यावर सांगीन.

शनिवारी मालिकेचा तासाभराचा मोठा भाग होता. नवरा न्यायला येणार, सून काय करते ते दाखवणार, असं आठवडाभर सांगत होते. टोळीने मला बजावलं होतं की पापणी हलवू नका. शुक्रवारी रात्री पाऊस झाला आणि आमच्या बाजूची विजेची डीपी जळाली. डीपी जळाली म्हणजे आमच्याकडे चार दिवस, आठ दिवस, सांगता येत नाही. सगळी गल्ली अंधारात. पोरांचे मोबाइलसुद्धा बंद पडले. शनिवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसून डास मारत होते. दुसरं काहीच केलं नाही.

सोमवारी आम्ही ओढ्याकाठच्या हळदीत होतो. वावर मोठं, गवत गुडघ्याला, आभाळ भरलेलं. मुकादमीण घायकुतीला आली होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात ती मला बाजूला घेऊन म्हणाली होती की मावशी, तुमचा हात आता धरत न्हाई, बांधाकडची पात घ्या नाहीतर घरी आराम करा. मी म्हटलं होतं, बघू. बांधाकडच्या पातीवरून कोणाला ऐकू जात नाही. तिथे बसलेली म्हातारी म्हणजे नुसती म्हातारी.

त्या सकाळी ओळ लागेना. दोघी भांडल्या होत्या, एक पुढे पळत होती, एक रुसून मागे. मुकादमीण मला म्हणाली, "मावशी, तोंड उघडा बरं. शनिवारचं सांगा. न्हाईतर हे वावर दिवाळीला उरकत न्हाई."

मला म्हणायचं होतं, पाहिलं नाही. एवढे दोन शब्द. ओळीतल्या दहा तोंडांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं की शनिवारी मी गोरेगावला भाचीकडे गेले होते, तिथे लाइट होती, पाहिलं.

आणि सांगायला लागले. अवघड नव्हतं. इतक्या वर्षांत मालिका कशा चालतात ते मला पाठ होतं. सून परत जाते. गेलीच नाही तर पुढे दोन वर्षं दाखवतील काय? म्हणून मी तिला परत पाठवलं. नवरा पावसात दारात उभा राहिला, त्याने सासूचे पाय धरले, लेकरावर हात ठेवून शपथ घेतली की यापुढे हात उचलणार नाही. सून उंबऱ्यापाशी खूप वेळ उभी राहिली, मग पिशवी घेतली आणि निघाली. खाला ऐकते आहे हे ध्यानात ठेवून मी तिच्या मनगटात हिरव्या बांगड्यासुद्धा भरल्या. खाला म्हणाली, हिरवा? मी म्हटलं, हिरवा, डझनभर. तिने मान हलवली.

ओळ लागली. रुसलेली पुढे आली, पळणारी थांबली. सगळ्या पाती माझ्या बरोबरीने सरकत होत्या. अशी ओळ मी वर्षात पाहिली नव्हती.

तेव्हा डावीकडून पोरीने विचारलं. ती इतक्या दिवसांत मालिकेबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

"आन मंग मारलं न्हाई त्यानं नंतर?"

"न्हाई," मी म्हटलं. "सुधारला."

थोडं खुरपून ती म्हणाली, "आन तुमचा निकाल काय, आजी?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. कथा खोटी सांगितली होती, निकाल तरी खरा देता आला असता. एरवी असा भाग मी पाहिला असता तर थू म्हटलं असतं. म्हटलं असतं की पाय धरणं सोपं असतं, पाय धरणाऱ्याचे हात कुठे जातात? असं मी दहा मालिकांना म्हटलेलं आहे. पण ओळ छान चालली होती, सगळ्या जणी खूश होत्या, आणि मुकादमीण बांधावरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "बरं केलं तिनं."

पोरीचं खुरपं पुन्हा झपाट्याने चालायला लागलं. शेवटच्या पातीवर तिची आई उठली, बांधावर जाऊन पाणी प्यायली आणि परत येऊन बसली.

बेस्तरवारी आम्ही रस्त्याकडेच्या वावरात होतो. अकरा वाजता पोरीचा नवरा आला, त्याच्याच कोणाची तरी जीप घेऊन. जाताना जीप आमच्या समोरून गेली. पोरगी मागे बसली होती, लेकरू मांडीवर. मुकादमिणीने हात वर केला. खाला म्हणाली, अल्ला करो सुखी राहो. मीही काहीतरी म्हटलं असेल. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. खरं सांगते, मला थोडा गर्व वाटला होता की माझ्या सांगण्याला एवढं वजन आहे.

डीपी शुक्रवारी बसली. संध्याकाळी साडेसातला मी टीव्ही लावला. सुरुवातीला आधीच्या भागांतलं थोडं दाखवतात, तसं शनिवारपासूनचं दाखवलं. नवरा दारात उभा होता, पाऊसही होता, पाय त्याने खरंच धरले. सुनेने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, लेकराला बघायला रविवारी येत जा. आणि दार लावलं. त्या दिवशीच्या भागात ती भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती आणि स्टोव्ह पेटवत होती. स्टोव्हसुद्धा तिने नीट पेटवला, आधी पिन मारून. मी एवढ्या वर्षांत मालिकेत एवढी खरी गोष्ट पाहिली नव्हती. ज्या एका दिवशी त्यांनी चांगलं केलं, त्या दिवशी मी वाईट केलं.

माझी सून म्हणाली, आत्या, जेवायला चला. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी रानात जाताना मी ठरवलं होतं की आपणच सांगू. पण तोवर दोघी-तिघींनी पाहिलं होतं. खालानेही पाहिलं होतं. ओळ लागायच्या आधीच ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अगे, तू झूट बोललीस," ती म्हणाली. "बांगड्या पन झूट."

मी म्हटलं, "व्हय."

"काहून?"

पोरीची आई चार पावलांवर खुरप्याची धार बघत होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं ती शिव्या देईल, अंगावर येईल. मला ते बरं वाटलं असतं. ती शेवटच्या पातीवर जाऊन बसली आणि खुरपायला लागली. त्या दिवसापासून आजपर्यंत ती माझ्याशी बोललेली नाही. गल्लीत समोर आली की बाजू देते, एवढंच.

त्या दिवशी मी आपणहून बांधाकडची पात घेतली. कोणी नको म्हणालं नाही. मधे दुसरी बसली, तिचा हात चालतो, तोंड चालत नाही. पुढच्या वर्षापासून बहुतेकींच्या हातात मोबाइल आले. आता कानात वायरी घालून जी ती आपली मालिका ऐकत खुरपते. ओळ लागत नाही आणि मुकादमीण दिवसभर ओरडते. मी त्या हंगामानंतरच टोळी सोडली. मालिका बघते अजून. चांगली की वाईट ते मनातसुद्धा ठरवत नाही.

पंचमीला लेकी माहेरी येतात. न्यायला जाणाऱ्या भावाला मुराळी म्हणतात. त्या वर्षी पोरीचा भाऊ मुराळी म्हणून गेला, लुगडं आणि लेकराला झबलं घेऊन. संध्याकाळी एकटाच परत आला. सांगितलं की अंगात ताप आहे, पाठवलं नाही. भावजय म्हणाली, ताप तर ताप, तिथं दवाखाने न्हाईत का. पोळ्याला आली नाही. दिवाळीला भाऊ गेलाच नाही.

ती आली माघात. गावात हळद शिजवायची गडबड चाललेली, जिकडेतिकडे कढया आणि वाफ. मी दारातून पाहिलं, ती जीपमधून उतरली, लेकरू आता चालत होतं. तिने त्याला उजव्या हाताने धरलं होतं. डावा हात पोटाशी होता. दोन दिवसांनी कळलं की मनगट मोडलं होतं आणि कोणा हाड बसवणाऱ्याने बसवलं ते वाकडं बसलं. बोटं मिटत नाहीत. खुरपं तर नाहीच, त्या हाताने वाटीसुद्धा धरता येत नाही.

आठ दिवस ती राहणार होती. मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी दुपारी तिची आई आणि भावजय हळदीच्या कामाला गेल्या तेव्हा गेले. ती मागच्या अंगणात तूर निवडत बसली होती. सूप पायाच्या बोटांनी दाबून धरलं होतं आणि एका हाताने खडे काढत होती. मला बघून म्हणाली, या आजी, बसा.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं की तो भाग मी पाहिलाच नव्हता. डीपी जळाली होती. गोरेगावला मी गेलेच नव्हते. मालिकेतली सून गेली नाही, तिने दार लावलं. मी मनाने सांगितलं ते सगळं. पाठ केल्यासारखं एका दमात सांगून टाकलं.

तिने खडे काढायचं थांबवलं नाही.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "शनिवारी दिवेलागणीला म्या घागर घेऊन तुमच्या म्होरून गेले. तुमी वट्यावर बसल्या व्हत्या."

मी विचारलं, "मंग गेलीस काहून?"

"मालिकेत काय झालं त्याचं मला काय करायचं व्हतं, आजी? मला तुमचा निकाल पाह्यजे व्हता. कोनीच सांगत नव्हतं. माय बोलंना, भाऊ बोलंना. तुमी खोटं रचून सांगितलं, तवा मला वाटलं, म्या जावं असं तुमाला लई वाटून राहिलंय, म्हनून एवढं रचून राहिल्या. तुमी कवा कोनाचं बरं म्हनत न्हाई. बरं केलं म्हनल्या."

एवढं बोलून तिने सूप पाखडायला उचललं, पण एका हाताने पाखडता येईना, म्हणून परत खाली ठेवलं. मी खाली बसले. सूप घेतलं आणि पाखडून दिलं.

मी म्हटलं, "आता जाऊ नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, चौकशी करावी तसं.

"तुमच्या घरी ठिवून घेता का मला? मला आन ह्याला? भावजयीनं रविवारपस्तोर सांगितलंय."

माझं घर दोन खोल्यांचं. पोराचं आहे, माझं नाही. सून चांगली आहे, पण तिची दोन लेकरं, आणि मी टोळी सोडलेली. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तोंडातून होही आलं नाही आणि नाहीही आलं नाही. मग लेकरू बाहेर धावत होतं त्याला तिने हाक मारली आणि ते आलं तसं त्याचं नाक पुसलं.

"चाय करू का?" ती म्हणाली.

मी नको म्हटलं आणि घरी आले. पोराला विचारलं नाही. सुनेला विचारलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सून म्हणाली, आत्या, तुमी जेवून न्हाई राहिल्या, काय झालं? मी म्हटलं, पोटात कसंतरी होतंय. तिने ओवा दिला.

रविवारी सकाळी पोरीला न्यायला जीप आली. मी ओट्यावर होते. तिच्या आईने पिशवी आत ठेवली. पोरीने लेकराला उजव्या हाताने उचलून आत दिलं, मग स्वतः चढायला गेली. जीपचा दांडा डावीकडे होता. तिने तो धरून पाहिला, बोटं मिटली नाहीत. ती तशीच पाय उचलून उभी राहिली, मग आतल्या कोणीतरी दंडाला धरून तिला वर ओढून घेतलं.